चार नंबरच्या मशीनचा आकडा

तर ती शिडीवर उभी, ओठात दोन स्क्रू धरलेले, आणि खालून ताई ओरडतायत, "उतर आधी खाली! पडलीस तर तुझं नाक मोडेल आणि माझी अंडी फुटतील!" हिनं स्क्रू हातात घेतले आणि वरूनच म्हणाली, "नाक की अंडी, एकदा काय ते ठरव, म्हणजे मला बेतानं पडता येईल." मी शिडी धरून उभा होतो. हसलो, तर शिडी हलली आणि दोघींची बोलणी मलाच बसली. काल लिहिता लिहिता इथवर आलो होतो आणि चष्मा सापडेना म्हणून थांबलो. चष्मा कपाळावरच होता, पण ती वेगळी गोष्ट.

मशीनांच्या तारा ओढायला शिडीवर चढलेली ती म्हणजे खुडबुडी. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल, आमच्या तोंडी ते कधी बसलंच नाही. ताई तिची थोरली बहीण, बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा खुडबुडी चार वर्षांची होती आणि ताई सोळाच्या. पुढं सहा वर्षांनी वडीलही गेले आणि मागं अंडी उबवायची दोन मशीनं ठेवून गेले. ताईंनी त्या दोनाची सहा केली आणि बहिणीला वाढवलं. त्यात स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. कुणी विषय काढला की म्हणायच्या, "एकवीस दिवसाला माझ्या घरी बारसं असतं, अजून काय पाहिजे?"

मी तिथं अंडी दिव्यावर धरून बघायच्या कामाला होतो. अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या मागं उजेड धरायचा, आत जीव धरलाय की नाही ते बघायचं, रिकामं असेल ते बाजूला काढायचं. माझं शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत, आणि या कामाला तेवढंही लागत नाही.

खुडबुडी सात वर्षांची असताना तिनं भिंतीवरचं घड्याळ खोललं. परत जोडलं तेव्हा दोन स्क्रू उरले. ताई ते तळहातावर घेऊन दारात उभ्या राहिल्या. "हे कुठले?"

"जास्तीचे होते," ही म्हणाली.

आणि गंमत म्हणजे आधी रोज दहा मिनिटं मागं पडणारं ते घड्याळ त्यानंतर बरोबर चालायला लागलं. ताईंनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिला जवळ घेऊन किती वेळ हसत बसल्या. अशी लेक कुणाला मिळते, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असायचं. लेकच म्हणायची ती.

पुढं खुडबुडीनं डिप्लोमा केला आणि कारखान्यांच्या कामाला लागली. काम काय, तर मशीनला बोलतं करायचं. एका टोकाला मशीनच्या पोटात बारकी चिप, तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. ती नुसती मोजत बसते, ऊब किती, ओलावा किती. दुसऱ्या टोकाला ऑफिसात पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक, सगळा एकाच कार्डावर. मधे एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा. त्या जोडणीला आरएस-४८५ म्हणायचं आणि तिच्यावरून जी भाषा बोलतात तिला मॉडबस. मला पाठ आहे, कारण मी तिला हे इतक्या वेळा विचारलं की शेवटी ती वैतागून म्हणाली, "काका, तुमच्या शाळेत हजेरी कशी घ्यायचे?"

मी म्हटलं, मास्तर नंबर पुकारायचे, त्या नंबरच्या पोरानं 'हजर' म्हणायचं.

"मधेच दुसरं कुणी बोललं तर?"

"छडी."

"झालं तर मग. ऑफिसातला संगणक मास्तर. सहा मशीनं म्हणजे सहा पोरं. दर पाच सेकंदांनी मास्तर एकेकाचा नंबर घेणार, आणि ज्याचा नंबर घेतला त्यानंच आपली ऊब सांगायची. बाकीच्यांनी तोंड बंद."

इतकं सोपं असतं हे! एकदा तिच्या हातून दोन मशीनांच्या कार्डांना एकच नंबर पडला. मास्तरनं तीन पुकारला की दोघं एकदम ओरडणार, आणि स्क्रीनवर मशीनची ऊब दिसणार उणे दोनशे. ताई पळत आल्या. मी म्हटलं, आमच्या वर्गातही एका नावाचे दोघं होते आणि मार नेहमी मलाच बसायचा. तारेच्या दोन्ही टोकांना ती एकेक बारकं रेझिस्टर लावायची. ते कशाला, विचारलं, तर म्हणाली, "विहिरीत ओरडलं की आवाज परत येतो ना, तसा तारेच्या टोकावरनं येतो. तो तिथंच जिरवायचा." मी गावभर सांगत सुटलो की मला इंजिनियरिंग कळतं.

हे सगळं तिनं पगारातून वाचवून ताईंसाठी केलं होतं. कारण ताई तीस वर्षं दर तासाला उठून प्रत्येक मशीनच्या काचेला नाक लावायच्या, आतलं थर्मामीटर वाचायच्या आणि वहीत लिहायच्या. रात्री गजर लावून. ऊब अर्ध्या अंशानं चुकली तरी पिल्लं लंगडी निघतात. एवढ्यानं त्यांचे डोळे जायला आलेच होते. खुडबुडी म्हणाली, "आता खुर्चीत बसून बघ. घराबाहेर गेलीस तर मोबाइलवर बघ."

पण ताईंची जात काळजीची. मशीनचा पंखा सुरू होताना तारेत कधी खरखर यायची, आणि एखादं उत्तर वाटेतच हरवायचं. मग स्क्रीनवर आकड्याच्या जागी तीन आडव्या रेघा यायच्या. पाच सेकंदांनी पुन्हा विचारलं की आकडा परत. पण ताईंना त्या पाच सेकंदांत ब्रह्मांड आठवायचं. लगेच फोन.

"अगं, दोन नंबरला रेघा आल्या!"

"आता बघ."

"आता आला आकडा. पण आल्या होत्या."

"येतात ताई. शिंक समज."

"शिंक? माणूस मरायच्या आधीपण शिंकतो."

एका दिवसात अकरा फोन. खुडबुडी तेव्हा एका कारखान्यात मोठ्या साहेबासमोर जोडणी करून दाखवत होती. साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या कोंबड्या बोलावतायत, आधी त्यांचं बघा." सगळे हसले, हीसुद्धा हसली. तेवढ्यानं ती डगमगणारी नव्हती. पण त्या आठवड्यात ताई पुन्हा रात्रीच्या उठायला लागल्या. रेघा दिसतील म्हणून झोपायच्याच नाहीत. गजर गेला आणि धास्ती आली. ते खुडबुडीला बघवेना. शनिवारी आली, ऑफिसात बसली, टकटक करून एक ओळ लिहिली. मी चहा घेऊन गेलो होतो.

"काय केलंस?"

"हजेरीत सूट दिली काका. मशीननं उत्तर दिलं नाही तर रेघा नकोत, आधीचाच आकडा राहू दे. पाच सेकंदांनी परत विचारतोच आपण. ताईला झोप तरी लागेल."

"आणि ते पोर शाळेतच आलं नसेल तर?"

"तात्पुरतं आहे हो. खरखर काढून टाकते पुढच्या आठवड्यात, मग रेघा परत आणते."

पुढचा आठवडा कामाचा, त्याच्या पुढचा त्याहून कामाचा. ताई मात्र गाढ झोपायला लागल्या. गालांवर रंग आला. त्यांनी वही बंद केली, गजर बंद केला. माणूस बरा दिसायला लागला की आपण औषधाची बाटली बघत नाही. आठ महिने गेले.

मग खुडबुडीनं ठरवलं, ताईला समुद्र दाखवायचा. ताईंचं वय तेव्हा छप्पन्न, आणि समुद्र बघितलेला नाही. म्हणाल्या, "चार नंबरमध्ये विसावा दिवस आहे, उद्या पिल्लं निघतील, आज कशी येऊ?" खुडबुडीनं मोबाइल पुढं धरला. "हा बघ, चार नंबर, सदतीस पूर्णांक एक. समुद्रावर बसूनही दिसेल." मला बजावलं, दार उघडायचं नाही. विसाव्या दिवशी दार उघडलं की ओलावा जातो आणि पिल्लू कवचाला चिकटतं. हे मलाही माहीत होतं. सकाळी साडेसातला दोघी निघाल्या. ताईंनी ठेवणीतली साडी नेसली होती, आणि गाडीत बसताना कुणी बघतंय का म्हणून आजूबाजूला बघितलं, जशी काही चोरी करायला निघाल्यात.

तो दिवस मला खुडबुडीनं नंतर सांगितला. ताईंनी चपला हातात घेतल्या आणि गुडघाभर पाण्यात गेल्या. लाट आली की मागं पळायच्या, गेली की तिच्या मागं धावायच्या, आणि लहान मुलीसारख्या ओरडायच्या. भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. दर तासाला म्हणायच्या, "दाखव गं." ही मोबाइल दाखवायची. सदतीस पूर्णांक एक. दुपारी सदतीस पूर्णांक एक. तीन वाजता ताई म्हणाल्या, "किती शहाण्यासारखं वागतंय बघ चार नंबर." आणि वाळूवरच, धाकटीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपल्या. आयुष्यभर हिचं डोकं त्यांच्या मांडीवर असायचं.

पाच वाजता परत आल्या. ताई साडी न बदलता आत गेल्या. विसाव्या दिवशी दाराला कान लावला की आतून किलबिल ऐकू येते, कवचातूनच चिवचिवतात पिल्लं. ताईंनी चार नंबरच्या दाराला कान लावला. मग दुसरा कान लावला. मग माझ्याकडं बघितलं.

मी काहीच केलं नव्हतं. दार उघडायचं नाही म्हणून उघडलं नव्हतं. शेजारच्या पाच मशीनांची घरघर चालू होती, त्यात एकाची बंद पडलेली मला ऐकू आली नाही. सकाळीच पंख्याची मोटर अडकली होती आणि चार नंबरचा खटका पडला होता. पंखा बंद, दिवा बंद. खुडबुडीचं बोलणारं कार्डही त्याच खटक्यावर होतं, तेही बंद. तुम्हाला वाटेल थंडीनं मेली असतील. नाही. विसाव्या दिवशी पिल्लाच्या अंगचीच ऊब एवढी असते की पंखा थांबला की चार हजार जीव एकमेकांच्या उबेनं कोंडून मरतात. कितीतरी अंड्यांना आतून टोचा मारलेला होता, चोच तेवढी बाहेर.

खुडबुडी आधी मशीनकडं गेली नाही. ऑफिसात गेली. मी दारातून बघितलं. स्क्रीनवर अजूनही सदतीस पूर्णांक एक होतं. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

त्या संध्याकाळी ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. खटका पडला एवढं सगळ्यांना कळलं, मोटर अडकली एवढं कळलं. आकड्याचं कुणी विचारलंच नाही, कारण ताईंनी उत्तर आधीच काढून ठेवलं होतं. "मी गेले म्हणून झालं. तीस वर्षं हलले नाही तर काही झालं नाही. एक दिवस मजा करायला गेले आणि चार हजार गेले." पुन्हा वही काढली. पुन्हा दर तासाला काचेला नाक. ठेवणीतली साडी फडताळाच्या तळाशी गेली. समुद्राचं नाव काढलं की उठून जायच्या.

त्यात डोळ्यांचं निघालं. मोतीबिंदू पिकलेला, आत दाब वाढत चाललेला. डॉक्टर म्हणाले, महिन्याच्या आत ऑपरेशन नाही केलं तर उजवा डोळा कायमचा जाईल. आणि ऑपरेशननंतर पंधरा दिवस धूळ नको, पिसं नकोत, म्हणजे मशीनांपासून लांब राहायचं. ताई म्हणाल्या, "जाऊ दे डोळा. मी या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही. मला एकदा शिक्षा झालीये."

खुडबुडी रोज समजवायची, मी समजवायचो. पालथ्या घड्यावर पाणी. मी तिला फाटकाशी गाठलं. म्हटलं, "पोरी, तुला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. तू लिहीत होतीस तेव्हा मी चहा घेऊन उभा होतो."

"सांगितलं तर ताई मला सोडेल, काका."

"नाही सांगितलंस तर डोळा जाईल."

ती फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिली. म्हणाली, "दुसरी आई कुठून आणू?"

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी मला कुणी प्रश्न विचारायला नको. ताईंचं ऑपरेशन झालं. मी घेऊन गेलो, खुडबुडीला येऊ दिलं नाही. डोळा वाचला. पंधरा दिवस त्या बाहेर राहिल्या आणि इकडं सहाही मशीनं नीट चालली. पुढं शेजारणींबरोबर त्या दोनदा समुद्रावरही जाऊन आल्या. म्हणजे जे व्हायला हवं होतं ते झालं. फक्त ऑपरेशननंतर खुडबुडी पहिल्यांदा घरी आली, तेव्हा ताई दारात येऊन म्हणाल्या, "या. बसा. चहा घेणार का तुम्ही?"

तुम्ही! जिचं शेंबडं नाक पदराला पुसलं, तिला तुम्ही! आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. पाहुण्याला देतात त्या कपात चहा दिला. खुडबुडीनं तो संपवला, कप विसळून ठेवायला उठली, तर म्हणाल्या, "राहू द्या, मी ठेवते." त्यानंतर चौदा वर्षं हेच. खुडबुडीनं लांबच्या गावची नोकरी धरली. वर्षातून दोनदा यायची, पाहुण्यांच्या खुर्चीत तासभर बसायची आणि जायची. एकदा न राहवून तिनं "मला एक धपाटा तरी घाल गं" म्हटलं, तर ताई म्हणाल्या, "असं कसं, तुम्ही मोठ्या झालात आता."

तिच्या कामावर तिला रेघावाली म्हणतात म्हणे. तिनं जोडलेलं कुठलंही मशीन गप्प बसलं की सगळी स्क्रीन लाल होते, रेघा येतात आणि वर शेवटचं उत्तर किती वाजता आलं ते दिसतं. कारखानेवाले वैतागतात, कमी करा म्हणतात. ती करत नाही.

ताई मागच्या थंडीत गेल्या, म्हणून आता बोलतोय. त्या असताना बोलायची मला बंदी होती. "काका, माझ्या गळ्याची शपथ, तुम्ही कारण सांगायचं नाही," असं तिनं मला, ताईंना आकड्याचं सांगितलं त्याच दिवशी, बजावलं होतं. कितीदा जिभेवर आलं! अहो ताई, तुम्हाला झोप लागावी म्हणून केलं तिनं, एवढंच सांगायचं होतं. पण मग ताईंनी तेही स्वतःवर घेतलं असतं. माझ्याच फोनांनी मारली पिल्लं, म्हणाल्या असत्या, आणि पुन्हा उंबऱ्याच्या आत जाऊन बसल्या असत्या. खुडबुडीला हे माझ्या आधी कळलं होतं.

पिल्लं गेली त्याला तो सतरावा दिवस होता. ताई ऑफिसात वही लिहीत होत्या, नाक कागदाला टेकलेलं. खुडबुडी इस्पितळाचा कागद घेऊन आली. बसली नाही. म्हणाली, "ताई, त्या दिवशी आपण समुद्रावर जो आकडा बघत होतो, तो सकाळी आठ वाजून दहा मिनिटांचा होता. त्यानंतर चार नंबर बोललंच नाही. मशीन गप्प झालं तर जुनाच आकडा दाखवायचा, असं मी लिहून ठेवलं होतं. तू घरी असतीस तरी याच खुर्चीत बसून तोच आकडा बघितला असतास. तू गेलीस म्हणून काही झालेलं नाही."

ताईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. बाहेर कुणीतरी ट्रे धूत होतं, त्याचा आवाज येत होता. मी कपाटाजवळ उभा होतो आणि मनात म्हणत होतो, सांग, आता सांग, फोनांचं सांग, झोपेचं सांग.

"का लिहिलंस असं?" ताईंनी विचारलं. ते शेवटचं 'तू' होतं.

खुडबुडीनं माझ्याकडं एकदाच बघितलं, मग ताईंकडं बघून म्हणाली:

"कंटाळा आला होता, ताई. ती खरखर शोधायला दोन दिवस लागले असते, मला एवढ्याशा कामाला दोन दिवस घालवायचे नव्हते. बाकी काही कारण नाही. तू मंगळवारची तारीख घे."